मंजुरीचं बटण

“ती आहे ना, मग टूल कशाला?”

ऑफिसखालच्या चहाच्या टपरीवर आमचे टीम लीड बोलत होते. त्यांची पाठ माझ्याकडे होती. ‘ती’ म्हणजे मी. सोबतचा सीनियर म्हणाला, “शिवाय ती बोलतही नाही. टूल निदान एरर तरी देतं.”

मी चहा संपवला आणि मागच्या जिन्याने वर गेले.

खराडीतल्या या ऑफिसात मला प्रोग्रॅमर म्हणून घेतलं होतं. पण रुजू झाल्यापासून माझ्याकडे एकच काम होतं, बिल्ड. म्हणजे सगळ्यांनी लिहिलेला कोड गोळा करायचा, जोडायचा, तपासायचा आणि ग्राहकाकडे पाठवायचा. दिवाळीत फराळ सगळ्या घरानं करावा आणि डबे एकीनं भरावेत, तसं. चकली मऊ पडली तरी विचारणा डबे भरणारीकडेच. हे काम आपोआप करणारी टूल्स कधीचीच निघाली आहेत. आपल्याकडे टूल आलं की तुला कोड लिहायला देतो, असं लीडनी कबूल केलं होतं. म्हणून टूल निवडायच्या प्रत्येक मीटिंगला मी आशेनं जायचे, आणि इंग्रजी चांगलं म्हणून मीटिंगचा वृत्तांत लिहीत बसायचे.

एक टूल फुकट होतं, म्हणजे त्यात काहीतरी खोट असणार असं ठरलं. दुसरं विकतचं होतं, तर एवढे पैसे कशाला? तिसऱ्यात काहीच दोष सापडेना, तेव्हा संशय आणखी वाढला.

“घाई काय आहे?” सीनियर म्हणाला. “बुधवार पेठेत साधा हेडफोन घेतानाही आपण चार दुकानं फिरतो.”

चार दुकानं फिरून तो पहिल्याच दुकानात परत येतो, हे मला माहीत होतं. पण मला वाक्य आधी इंग्रजीत सुचतं. ते मराठीत आणेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. माझ्या गप्प बसण्याला कोणी शिष्टपणा म्हणतं, कोणी संमती. लीड संमती म्हणायचे.

शेवटी फुकटचंच घेतलं. मी खपून ते बसवलं. चाचणीच्या दिवशी एका बाजूनं कोड आत गेला आणि दुसऱ्या बाजूनं तयार बिल्ड बाहेर आलं, कोणी हात न लावता. सगळे स्क्रीनकडे वाकले. मला वाटलं, कौतुकानं.

“हे असं परस्पर जाणार?” लीडनी विचारलं. “कोणाला न विचारता?”

“ऑटोमेशन आहे ना, सर,” सीनियर म्हणाला.

“ते असू दे. पण उद्या काही बिघडलं तर बोलायचं कोणाला?”

हा मुद्दा सगळ्यांना पटला. बराच खल होऊन ठरलं, की टूलनं प्रत्येक टप्प्यावर थांबायचं, मंजुरीचं बटण दाखवायचं आणि कोणीतरी ते दाबलं की मगच पुढे सरकायचं. टप्पे भरपूर होते. म्हणजे आजवर मी नुसतं काम करत होते. आता दिवसभर कामाला परवानगी देत बसायचं.

“मग बटणावर कोण?” असं विचारत लीड लॅपटॉप मिटूही लागले.

“मॅडम आहेतच की,” सीनियर म्हणाला.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. या वेळी वाक्य इंग्रजीत सुचलंच नाही.

“बटण आपण दाबा, सर,” मी म्हणाले. “काही बिघडलं तर आपल्याला बोलायला मी येईन. सोमवारपासून मी कोड लिहिणार आहे.”