कन्याकुमारीला काय सोडायचं?

आमची यात्रेची बस नागपुरातून निघाली तेव्हा तिच्या टपावर संत्र्यांच्या चार पेट्या होत्या. त्या वामनरावांच्या होत्या. पोस्टातून निवृत्त झालेला हा सडसडीत गृहस्थ कन्याकुमारीला संत्रं सोडणार होता. तीर्थाला गेलं की आपल्या आवडीचा एखादा पदार्थ देवाला सोडून यायचा आणि पुन्हा जन्मात तोंडाला लावायचा नाही, अशी आमच्याकडची रीत. म्हणून पोचायच्या आत वामनराव जन्माची संत्री खाऊन घेत होते. "शेवटचंच तं आहे, बाई," असं म्हणत त्यांनी बुटीबोरी यायच्या आत अकरा संपवली.

यात्रावाल्यांच्या छापील पत्रकातच लिहिलं होतं: सोबत एक घोंगडी व एक तांब्या आणावा, आणि सोडावयाची वस्तू मनाशी ठरवून यावे. त्यामुळे बसमध्ये दुसरा विषयच नव्हता. कोणी वांगं सोडणार, कोणी सीताफळ. आमचा आचारी आदिलाबादच्या पुढे पाटोडीचा रस्सा (बेसनाच्या वड्यांची झणझणीत भाजी) करी, तेव्हा लोक एकमेकांच्या ताटाकडे बघून म्हणत, "खाऊन घ्या, खाऊन घ्या!"

मी शाळेत शिकवते. दिवाळीच्या सुटीत सासूबाईंना घेऊन निघाले होते, कारण यजमानांना रजा मिळाली नाही. असं ते म्हणाले. सासूबाई कुहीकडच्या, धानाच्या बांध्यांत वाढलेल्या. शीत बोटात चेंगरून तांदूळ किती जुना ते सांगतील. माझ्या लग्नाला चौदा वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत माझा भात एकदाही त्यांच्या मनासारखा झाला नाही. आज गिचका, उद्या टणक, आणि ज्या दिवशी चुकून मोकळा झाला त्या दिवशी "सुमन, मीठ घालाले विसरली काय वं?" ऐकून ऐकून माझे कान किटले होते. खरं सांगते, बसमध्ये आचाऱ्याच्या हातचा भात होता, हीच माझी खरी यात्रा होती.

मदुरेला पोचेपर्यंत वामनरावांचे ओठ आंबट रसाने फुटले. तिसरी पेटी संपली होती आणि चौथीच्या वासानेच त्यांना मळमळत होतं. देवळाच्या पायरीवर ते माझ्याजवळ येऊन बसले आणि हळूच म्हणाले, "बाई, तुम्ही शिकल्यासवरल्या. सोडायच्या आधीच वीट आला, तं ते सोडलेलं देवाले चालते का?" असला प्रश्न मला कोणत्याही परीक्षेत आला नव्हता. मी म्हटलं, "दोन दिवस खाऊ नका, आवड परत येईल." तर म्हणाले, "मंग पेटी वाया जाते ना!"

मंडपमला बस ठेवून आम्ही रेल्वेने रामेश्वरला निघालो. गाडी समुद्रावरच्या पुलावर आली. दोन्हीकडे नुसतं पाणी, आणि गाडी पाय टाकावा तशी जपून चाललेली. डब्यात सगळ्यांनी रामनाम सुरू केलं. सासूबाईंनी माझं मनगट घट्ट धरलं.

"सुमन, तुले एक सांगतो. वीस वर्साआधी काशीले मी गवार सोडली."

"माहीत आहे, आई."

"पण मले गवार आवडतेच कोठं वं?"

मला हसू आलं होतं, पण त्यांचे डोळे भरलेले दिसले. "देवाले फसवलं मी. तवापासून आरती करताना त्याच्या तोंडाकडं पायवत नाही. आता या खेपेले खरं आवडीचं सोडीन. नाही तं हे असंच मनात घेऊन मरन मी."

पूल संपेपर्यंत त्या रडत होत्या. मलाही गलबलून आलं, आणि लगेच भीतीही वाटली, कारण यांचं खरं आवडीचं म्हणजे चहा. चहा सुटला की यांचं डोकं दुखणार, आणि यांचं डोकं दुखलं की सगळ्या घराचं दुखतं. मी म्हटलं, "आई, चहा सोडता का?" म्हणाल्या, "हट!" मी विचारलं, "मग भात?" त्यांनी माझ्याकडे कीव करून पाहिलं. रामेश्वरला बावीस कुंडांच्या पाण्याने ओल्याचिंब झाल्यावरही त्यांनी काही सांगितलं नाही. विचारच करत होत्या.

कन्याकुमारीला आम्ही संध्याकाळी पोचलो. जमीन खरंच संपते हो! काळे खडक आणि पुढे तीन बाजूंनी पाणी. वारा असा की लुगड्याचा पदर धरावा की तांब्या, कळेना. सूर्य पाण्यात उतरला तेव्हा सगळी बस गप्प झाली. त्या शांततेत वामनरावांनी एक संत्रं सोललं.

पहाटे सूर्योदय बघायला आमची चाळीस माणसं जाऊन उभी राहिली ती आदल्या संध्याकाळच्याच जागी. जागा ओळखीची ना! बराच वेळ आम्ही हात जोडून उभे होतो. शेवटी एक शंखवाली बाई आली. तिने मला खांद्याला धरून गर्रकन मागे वळवलं. सूर्य चांगला हातभर वर आला होता. मग चाळीसही जणांनी वळून पुन्हा हात जोडले.

त्याच बाईकडे तांदळासारखी वाळू होती. इथल्या देवीचं लग्न लागता लागता राहिलं आणि अक्षतांची वाळू झाली, असं सांगतात. दाणे हुबेहूब तांदूळ. सासूबाईंनी एक दाणा दोन बोटांत चेंगरून पाहिला आणि म्हणाल्या, "कच्चा राह्यला." तरी एक बाटली भरून घेतली.

मग सोडण्याचा कार्यक्रम झाला. वामनरावांनी उरलेली दोन संत्री डोळे मिटून गिळली, ओंजळीतलं पाणी समुद्रात सोडलं आणि सुटलो एकदाचा, असं म्हणून खाली बसले. माझी पाळी आली. मी काहीच ठरवलं नव्हतं. पटकन म्हणाले, "कारलं." सासूबाईंनी माझ्याकडे वळून पाहिलं. त्या दोन पावलं पुढे गेल्या, पाणी घेतलं आणि मोठ्याने म्हणाल्या, "माझ्या सुनेच्या रांधण्याले तिच्या तोंडावर नावं ठेवणं सोडलं."

पाणी सुटलं. मला आनंदाने नाचावंसं वाटलं, उगाच खोटं का बोलू?

घरी आल्यावर पहिल्या दिवशी माझा भात गिचका झाला. त्यांनी घास घेतला, माझ्याकडे पाहिलं, ओठ घट्ट मिटले आणि जेवून उठल्या. मी खूश. दुसऱ्या दिवशी टणक झाला, तरी तेच. चौथ्या दिवसापासून स्वयंपाकाच्या वेळी त्या बाहेर ओट्यावर जाऊन बसू लागल्या. जेवण कमी झालं. शेजारीण विचारू लागली, "आजी आजारी आहेत का?" मी मुद्दाम भातात मीठ घातलं नाही. यजमानांनी पेपर वाचत दोनदा मागून खाल्ला! तेव्हा माझ्या लक्षात आलं, या घरात माझा भात कसा झालाय हे सासूबाईंशिवाय कोणाला कळतच नव्हतं. मला फार एकटं वाटलं. वामनरावांसारखं एकदाचं सुटल्याचं सुख काही मला लाभलं नाही.

आठव्या दिवशी जेवण झाल्यावर मी भांडी आवरत होते. सासूबाई हात धुऊन आल्या आणि माझ्याकडे पाठ करून फळीसमोर उभ्या राहिल्या. फळीवर ती वाळूची बाटली होती.

"समुद्रा, तुले सांगून राहिली, तिले नाही," त्या बाटलीला म्हणाल्या. "आज भात गिचका झाला. काल मीठ नव्हतं. परवा तं टणक होता, दाढ दुखली माझी."

माझे हात थांबले. हातातलं भांडं मी आवाज न होऊ देता खाली ठेवलं.

"आन अजून एक आयक," त्यांचा आवाज खाली आला. "तिनं ते कारलं सोडलं ना, ते तिले आवडतच नाही. लेकरू आहे, घाईत बोलून गेली. माझ्यावानी तिच्या मनाले वीस वर्सं टोचणी लावू नको. माफ कर तिले."

पदराने बाटली पुसून त्या झोपायला गेल्या. दुसऱ्या दिवशी मी भातात पाणी अर्धी वाटी कमी घातलं, आणि जेवायला वाढताना ती बाटली फळीवरून काढून त्यांच्या पाटाजवळ ठेवली.