चौकातले उंबरे

शेवटच्या भेटीत ताईनं मला "जेवलास का?" असंसुद्धा विचारलं नाही. बारामतीच्या दवाखान्यातली दुपार, तिच्या नाकात नळी, आवाज पार खोल गेलेला... मी खुर्ची ओढून टेकतोय तोवर म्हणाली, "बसलं का कुणी?" मी मान हलवली. नाही. तिनं डोळे मिटून घेतले. मला वाटलं, झोपली. मग मीही खुर्चीतच डुलकी काढली. आजारी माणसापेक्षा जास्त दमलेलं दिसणं मला लहानपणापासून जमतं, असं ती नेहमी म्हणायची.

प्रश्न इंदापूरच्या एका चौकाबद्दलचा होता. ताई, म्हणजे माझी थोरली बहीण, आर्किटेक्ट. बारामतीत तिचं लहानसं ऑफिस. बंगले आणि मंगल कार्यालयं करून करून कंटाळलेली. रस्तारुंदीत इंदापूरच्या बाजारातली जुनी घरं पडली आणि उरलेल्या मोकळ्या जागेचा चौक करायचं काम नगरपालिकेनं तिला दिलं. सगळ्यांच्या मनात कारंजं आणि चकचकीत ग्रॅनाइट. ताई म्हणाली, नवं काही आणायचं नाही, जे पाडलंय त्यातूनच उभं करायचं. बैठकीत साहेब लोक एकमेकांकडे बघत राहिले. मी मागच्या खुर्चीत होतो. बँकेतून मुदतीआधी निवृत्त होऊन घरात सगळ्यांच्या पायात येणारा मी, त्या दिवसांत तिचा बिनपगारी ड्रायव्हर झालो होतो. चौकाच्या उभारणीत माझं योगदान विचाराल तर गाडी, आणि अधूनमधून "ताई, घरी जाऊया का आता?" एवढंच.

पाडापाडीचा राडारोडा जवळच्याच डाळज गावच्या एका तात्यांनी खोलगट रान भरून घ्यायला नेला होता. तिथं ताई उन्हात ढिगाऱ्यावर चढायची. काळे घडीव दगड, शहाबादी फरश्या, कौलं, सागवानी तुळया निवडून बाजूला काढायची. तात्या बांधावर बसून मजा बघायचे. "लोक गावातली घान रानात टाकत्यात, अन् मॅडम रानातली उचलून गावात न्यायला लागल्यात!" ताई वरूनच ओरडायची, "तात्या, तुमच्या घराचा दगड असता तर घाण म्हणाला असता का?" तात्या हसायचे आणि चहा मागवायचे. परत येताना गाडीत डावीकडची सीट मागे रेलून ताई पाय लांब करायची. कपड्यांवरची सगळी धूळ सीटवर. मी कुरकुर केली की म्हणायची, "ही कुणाच्या तरी घराची धूळ आहे, बाळ्या. नीट बोल."

पन्नाशी उलटली तरी मी बाळ्याच होतो.

चौक सुरेख झाला. विटांचा चुरा दाबून केलेली वाट, कौलांच्या कडा असलेले वाफे, तुळयांचा मांडव. आणि मधोमध, कडुनिंबाभोवती, पडलेल्या घरांचे दगडी उंबरे आडवे मांडून केलेली बाकं. मधोमध झिजून गुळगुळीत झालेली, सावलीतली, गारेगार. ताईचा सगळा जीव त्या बाकांत होता. बाजाराला आलेल्या बाईमाणसाला एसटी येईपर्यंत टेकायला गावात जागा नाही, हे ती कामाच्या पहिल्या दिवसापासून म्हणत होती.

आणि बाकांवर कुणी बसेना.

लोक यायचे, फोटो काढायचे, उंबऱ्याला हात लावून नमस्कार करायचे. "ह्यो आमचा बरं का," म्हणून कुणी हळदकुंकू वाहून जायचं. पण टेकायचं म्हणाल तर कुणी नाही. शेवटी कोपऱ्यात भाजी विकणाऱ्या शेवंताकाकूंना ताईनं विचारलंच.

"काकू, उभ्या का? बसा की."

"उंबऱ्यावर? आवो मॅडम, तुमच्या आईनं काय शिकीवलं न्हाय व्हय तुमाला?"

ताईनं माझ्याकडं बघितलं, मी कडुनिंबाकडं. आमच्या आईनं आम्हा दोघांनाही उंबऱ्यावरनं कितीदा दंडाला धरून उठवलेलं. नकाशावर महिनोन् महिने उंबरे काढताना ते दोघांनाही आठवलं नव्हतं.

नगरपालिकेतून निरोप आला: दिवाळीपर्यंत बघू, नाहीतर दगड उचलून स्टीलची बाकडी टाकू. गवंडी म्हणाला, दगड पालथे घालू, मग कोण ओळखतंय? ताईला ते पटेना. "ज्या बाजूवरनं माणसं घरात आली, ती मातीत घालायची?" मग तिचा ताप उतरेना, मग तपासण्या, मग दवाखाना... आणि मी गेलो की तोच एक प्रश्न.

तर त्या दुपारी डुलकीतून मला तिच्याच हाकेनं जाग आली. "बाळ्या, पायऱ्या कुठायत?"

"कसल्या पायऱ्या?"

"त्याच घरांच्या. डाळजला पडल्यात अजून. उंबऱ्यावर कोण बसतं रे? माणूस दारात पायरीवर बसतो, उंबऱ्याला पाठ लावून." दम घेऊन म्हणाली, "प्रत्येक उंबऱ्यापुढं त्याची पायरी लाव. जा." मी म्हणालो, उद्या जातो, आज ऊन फार आहे. ती हसली. "तू जाशील. कुरकुरत जाशील, पण जाशील."

गेलो, कुरकुरत. पायऱ्या शोधून ट्रॅक्टरमध्ये भरत होतो तेव्हा दवाखान्यातून भाचीचा फोन आला. तात्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि ट्रॅक्टर बंद करायला सांगितला. सगळे उन्हात उभे राहिले. मग तात्या म्हणाले, "भरा. मॅडमचं काम हाय."

दिवस झाले, पाहुणे पांगले, दिवाळीच्या तोंडावर पायऱ्या बसल्या. परवा बाजाराच्या दिवशी इंदापूरला गेलो. हल्ली कुठंही जायचं म्हटलं की अंगावर येतं, पण गेलो. बायका पायरीवर पाय सैल सोडून, उंबऱ्याला पाठ टेकून गप्पा मारत होत्या. एक म्हातारा पिशवी उशाला घेऊन लवंडलेला. शेवंताकाकूंनी पाटीसुद्धा शेजारीच मांडलेली. मी टेकायला जागा शोधत सगळा चौक फिरलो.

"सरका की जरा, काकू."

"कुठं सरकू? गर्दी दिसंना व्हय? हुबं ऱ्हावा घडीभर."

राहिलो उभा. मग गाडीकडं आलो. डावीकडची सीट अजून तशीच मागे रेललेली आहे, तिच्यावर डाळजची धूळ आहे. बायको म्हणते, पुसून घ्या, मला बसायचं असतं. पुसेन. सध्या ती मागे बसते.