मादामचा फ्रान्स

उभ्यानं खाणारा माणूस दिसला की मादामना राहवत नसे. भेळेच्या गाडीभोवती माणसं उभीच असणार, हे सगळा जन्म कोल्हापुरात जाऊनही त्यांना पटलं नव्हतं. राजारामपुरीतून चालताना त्या मध्येच थांबायच्या, एखाद्या अनोळखी माणसाच्या हातातल्या भेळेच्या कागदाकडे रोखून बघायच्या आणि म्हणायच्या, "पावणं, बसून खावा की. उभ्यानं घोडं खातंय." बरेच जण हसून तोंड फिरवायचे. एक जण मात्र घाबरून खरंच शेजारच्या दुकानाच्या पायरीवर टेकला, तेव्हा मादामनी त्याला मान लववून फ्रेंचमध्ये 'सावकाश होऊ द्या' म्हटलं आणि त्या पुढे निघाल्या. त्यानं मागोमाग चाललेल्या मला हळूच विचारलं, "बाई शिवी देऊन गेल्या काय वो?"

त्यांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण ते कुणी घेत नसे. आम्हा विद्यार्थ्यांच्या त्या मादाम आणि उरलेल्या गल्लीच्या मादामबाई. लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीमुळे त्या दोन वर्षं फ्रान्समध्ये, लियाँ शहरात राहिल्या होत्या. हे सगळं माझ्या जन्माच्या आधीचं. पुढे नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, मग दोन खोल्यांच्या घरात त्यांनी फ्रेंचचे वर्ग सुरू केले. नव्वदच्या दशकात शिरोली एमआयडीसीत तिकडची यंत्रं यायला लागली होती आणि फ्रेंच येणाऱ्याला परदेशी पाठवतात अशी हवा होती. मी नुकताच डिप्लोमा करून फौंड्रीत लागलो होतो. आबा, म्हणजे माझे वडील, त्याच फौंड्रीत साचे करणारे मोल्डर होते. त्यांनीच मला मादामकडे धाडलं.

रविवारचा वर्ग जेवणानं संपायचा. ते जेवण म्हणजे परीक्षाच असायची. मादाम शाहूपुरीतल्या एका बेकरीतून लांबलचक पाव खास करून घ्यायच्या आणि तो काखेत धरून भर रस्त्यानं चालत यायच्या. बेकरीवाला त्याला 'मादामबाईंचा सोटा' म्हणायचा. घरी आधी सूप, मग मुख्य पदार्थ, मग सॅलडची कच्ची पानं, मग चीज म्हणून आपलं साधं पनीर. प्रत्येक वेळी ताटली बदलायची, काटा डाव्या हातात, सुरी उजव्या. शेवटचा माणूस संपवेपर्यंत कुणी उठायचं नाही. दोन तास लागत. आमच्यातले दोघं जण तिथून निघाले की थेट मिसळ खायला जात, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

पण त्या टेबलाचं एक मी कधी नाकारणार नाही. आम्ही बौद्ध. माझ्या वर्गातल्या मित्रांच्या घरी मला चहा मिळायचा, कधी वेगळ्या कपात, कधी त्याच कपात पण बाहेरच्या खोलीत. मादामच्या घरी पहिल्या रविवारी त्यांनी मला आपल्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं आणि पहिलं वाढलं. म्हणाल्या, "टेबलाला वरची पंगत, खालची पंगत नसते रे. म्हणून तर मला ते आवडतं." त्या दिवशी मी घरी उड्या मारत गेलो. ही बाई सांगेल ते करायचं, असं मी तेव्हाच ठरवून टाकलं.

मादामचं खरं भांडण अमेरिकेशी होतं. "अमेरिकन माणूस पोट भरतो, फ्रेंच माणूस जेवतो," हे वाक्य आम्हाला त्यांनी क्रियापदं शिकवताना फळ्यावर लिहून दिलं होतं. राजारामपुरीत पहिलं बर्गरचं दुकान निघालं तेव्हा मादाम पाहणी करायला गेल्या आणि त्यांनी बर्गरबरोबर ताटली, काटा आणि सुरी मागितली. मालक म्हणाला, "मादामबाई, ह्ये दोन्ही हातात धरून खायचं असतंय." मादाम बर्गर तसाच टेबलावर ठेवून परत आल्या आणि वर्गात तासभर तोच विषय. "एवढा मोठा आ करायचा! सॉस मनगटापर्यंत आला की चाटायचा! फ्रान्समध्ये हे दुकान आठ दिवस चालणार नाही. तिथला भिकारीसुद्धा असलं खायचा नाही." आम्ही हे सगळं वहीत उतरवून घेतलं. खोटं वाटायचं काही कारणच नव्हतं, फ्रान्स पाहिलेलं माणूस आमच्या माहितीत तेवढं एकच होतं.

मी तर पार वाहवत गेलो. कारखान्याच्या कँटीनमध्ये चमच्यानं भाकरी तोडायला बघायचो. लोक मला 'फ्रान्सचा जावई' म्हणायला लागले. घरी आई भुरका मारायची तर माझ्या कपाळावर आठ्या. आबा एकदा म्हणाले, "शिकतोयस ते ब्येस हाय, पर आमास्नी कशाला परीक्षेला बसवतोस?"

अभ्यासक्रम संपला तेव्हा मादामनी आम्हा सगळ्यांना घरच्यांसह जेवायला बोलावलं. आबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. दारात त्यांनी "जयभीम, बाई" म्हटलं आणि मादामनी हात जोडले. टेबलाभोवती बारा माणसं होती. मादामनी कोंबडी केली होती, पांढऱ्या दाट रश्श्यातली. आबांनी पाव मोडला, रश्श्यात बुडवला आणि पाचही बोटांनी जेवायला सुरुवात केली. मोकळ्या मनानं म्हणालेही, "बाई, रस्सा झ्याक झालाय बगा. तिखाट तेवढं कमी हाय." अकरा काटे हवेत थांबले होते. मी मादामकडे पाहिलं. त्या आबांच्या बोटांकडे बघत होत्या आणि त्यांचा चेहरा दगडासारखा झाला होता.

मग मी आबांच्या कानाशी लागलो आणि म्हणालो, "आबा, काट्यानं."

आबांनी हात पुसला. काटा उचलला. कोंबडीचा तुकडा दोनदा ताटलीतून निसटला, एकदा टेबलावर गेला. त्यांनी काटा खाली ठेवला आणि म्हणाले, "पोट भरलं माझं." त्यांचं अर्धं जेवण तसंच होतं. मादामनी ताटली उचलली आणि पुढचा पदार्थ आणला.

परतताना सायकल हातात धरून आबा माझ्याबरोबर चालत होते. मग म्हणाले, "हाताला कळल्याबिगर त्वांडाला कळत न्हाय, एवढंच मला ठावं हाय. तुझं काय चुकलं न्हाय." त्यानंतर ते माझ्याबरोबर कुठेही जेवायला आले नाहीत. माझ्या लग्नात पंगत उठल्यावर मागे आचाऱ्यांजवळ बसून जेवले. पाच-सहा वर्षांनी ते गेले. त्या संध्याकाळबद्दल आम्ही परत कधी बोललो नाही. मला बोलायचं होतं, पण धीर होत नव्हता.

दोन हजार सहाच्या सुमाराला कंपनीनं मला नव्या यंत्राच्या प्रशिक्षणाला सहा महिने फ्रान्सला पाठवलं, आणि नेमकं लियाँलाच. निघताना मादामच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या म्हणाल्या, "नीट बसून जेव. माझं नाव घालवू नकोस."

तिथला माझा फोरमन ज्याक, पन्नाशीचा गडी. पहिल्याच शनिवारी त्यानं मला घरच्यांबरोबर जेवायला बोलावलं. मी टाय बांधला. सुरी कुठल्या हातात धरायची ते आरशासमोर एकदा करून बघितलं. भेट म्हणून कांदा-लसूण मसाल्याची पुडी घेतली. ज्याक, त्याची बायको आणि पंचाहत्तरीची आई मला घेऊन निघाले आणि एका रांगेत उभे राहिले. चाळीसेक माणसं असतील. मला वाटलं सिनेमा आहे. रांगेच्या टोकाला बर्गरचं दुकान होतं.

"नवीन आहे," ज्याक अभिमानानं म्हणाला. "अगदी न्यूयॉर्कसारखं. आता सगळं शहर इथंच खातंय." जागा नव्हती म्हणून आम्ही भिंतीला टेकून, उभ्यानं खाल्लं. ज्याकच्या आईनं दोन्ही हातांनी बर्गर धरला, मोठा आ केला आणि मनगटावर ओघळलेला सॉस चाटला. आजूबाजूला कोटवाले होते, शाळेतली पोरं होती, म्हाताऱ्या होत्या. मी काटा आणि सुरी मागितली तेव्हा ते तिघंही मनापासून हसले. ज्याकची आई माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "हातानं खा, बाळा. हातात घेतल्याशिवाय ह्याला चव नाही."

रांगेतल्या एकाही माणसाचं काही चुकत नव्हतं, त्यांना आवडत होतं आणि ते खात होते, एवढंच. पण मला मोठ्यानं ओरडावंसं वाटत होतं. ज्या फ्रान्ससाठी मी माझ्या बापाला भरल्या टेबलावरून उपाशी उठवलं, तो फ्रान्स इथं रस्त्यावर उभा राहून बोटं चाटत होता. मला मादामचा राग आला. इतका राग मला आयुष्यात कुणाचा आला नव्हता. पुढच्या सहा महिन्यांत मी असल्या दुकानांचे, त्यांच्यासमोरच्या रांगांचे फोटो काढत सुटलो, जणू कोर्टात पुरावा द्यायचा होता.

परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी मी मादामच्या घरी गेलो. त्या सत्तरीला आल्या होत्या, वर्ग बंद झाले होते. मी फोटो टेबलावर मांडले. त्यांनी चष्मा लावून एकेक पाहिला.

"तरणी पोरं असतील," त्या म्हणाल्या.

"ह्या पंचाहत्तरीच्या आजी आहेत. ह्यांनी मला हातानं खायला शिकवलं, मादाम. लियाँमध्ये."

त्यांनी तो फोटो उलटा ठेवला. मग माझा तोल गेला. "तुम्ही आम्हाला काय शिकवलंत? माझे आबा इथं, ह्या खुर्चीवरून अर्धपोटी उठले. तुमच्या ह्या फ्रान्सपायी!"

"काट्यानं खा, असं तू म्हणालास त्यांना. मी नाही," त्या हळूच म्हणाल्या.

ते खरं होतं आणि म्हणून जास्त झोंबलं. मी उठायला लागलो तर त्यांनी माझा हात धरला. "बस. एक सांगायचं राहिलंय." आणि त्यांनी जे सांगितलं ते आमच्या वर्गात कधी आलं नव्हतं. लियाँला पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांना म्हाताऱ्या घरमालकिणीनं जेवायला बोलावलं होतं. "मला काटा धरता येत नव्हता. भूक लागलेली. मी सरळ हातानं खायला लागले. सगळे बघायला लागले. त्या म्हातारीनं एकदा माझ्याकडे पाहिलं, काटा-सुरी बाजूला ठेवली आणि बोटांनी खायला लागली. मग सगळं टेबल हातानं जेवलं. कुणी हसलं नाही."

"हे आम्हाला का नाही सांगितलंत?"

"कसं सांगू? मादामलाच काटा धरता येत नव्हता, हे?"

मग विचारायचं ते विचारलंच. "माझे आबा समोर हातानं जेवत होते, तेव्हा ती म्हातारी तुम्हाला आठवली नाही?"

मादामनी फोटो गोळा केले, नीट एकावर एक ठेवले आणि माझ्यापुढे सरकवले.

"आठवली होती की," त्या म्हणाल्या. "पण सगळे माझ्याकडे बघत होते रे, मिलिंद."

मी जिना उतरून आलो तो परत चढलो नाही. पुढच्या वर्षी भाची त्यांना नागपूरला घेऊन गेली आणि तिकडेच त्या गेल्या. आज मला जी भाषा येते ती त्यांनी दिली, माझी नोकरी त्या भाषेवर चालते, आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसलेला तो पहिला रविवार मी विसरू शकत नाही. पण त्या दिवशी त्या खोटं बोलल्या असत्या, नाही आठवली म्हणाल्या असत्या, तर मी त्यांना तिथंच माफ केलं असतं.