घरचा त्रिशूळ

माझी भक्ती खरी होती का, हा प्रश्न मला यंदाच्या महाशिवरात्रीला देवाच्या वाटेवरच पडला. आमच्या घरचा त्रिशूळ दरवर्षी महादेवाच्या डोंगरावर जातो आणि शिखरावर देवापुढे रोवला जातो. नेणारीने अनवाणी चालायचं, आणि वाटेत त्रिशूळ जमिनीला टेकवायचा नाही. थकलं तर घरातल्या दुसऱ्याच्या हाती द्यायचा. थोरली सून म्हणून बारा वर्षं तो मीच नेला, एकदाही कुणाला दिला नाही. यंदा आमच्या गावाहून, वरठीहून, निघण्याआधीच सासूबाई म्हणाल्या, "लंगडून राहिली तू. औंदा लहानीच्या हाती जाऊ दे."

लहानी म्हणजे माझी धाकटी जाऊ. तिच्या मागून चढताना माझा जीव नुसता जळत होता. तोंडाने हर हर महादेव आणि मनात एकच, हिचा पाय घसरावा. शिखराखाली उघड्या खडकाची धार लागते. गुळगुळीत करडा दगड, दोन्हीकडे खोल उतार, धरायला झुडूपही नाही. तिथे मी म्हटलं, "आण इकडं. आता माह्या हाती दे." तिनं मुकाट्यानं दिला. त्याचाही मला राग आला.

निम्म्या धारेवर गुडघ्यानं दगा दिला. जड त्रिशूळ दोन्ही हातांत; तो टेकवता येईना, त्यामुळे खडक धरता येईना. टाच घसरू लागली. मागून जाऊ म्हणाली, "ताई, द्या मले." मी दिला नाही. पडले असते, पण तिला दिला नसता.

तेवढ्यात दर्शन करून उतरणारी एक अनोळखी म्हातारी सरकत आली, माझ्या पायाशी बसली आणि तिनं घसरत्या टाचेखाली आपला पंजा लावला.

"ठेव पाय. अन् ते मांगच्या बाईले दे. कायले जिद्द करून राहिली?"

त्या हाडकुळ्या हातावर माझा सगळा भार पडला आणि मी शरमले. त्रिशूळ मागे दिला, दोन्ही हातांनी खडक धरून रांगत वर गेले. उतरताना तिला खूप शोधलं, भेटली नाही. ती कोण होती, हे मी ठरवत बसत नाही. तिचे उपकार मात्र जन्मभर विसरणार नाही.

मत्सर गेला असं सांगणार नाही. जावेनं त्रिशूळ रोवला तेव्हाही जीव जळलाच. पण दरवर्षी तो कुठे रोवायचा, कोण बघतंय, यातच मी गुंतलेली असायची. यंदा करण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून पिंडीकडे बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.