सुखदेव मास्तरांचा भूमध्य समुद्र

सुखदेव मास्तर भूगोल शिकवायला कुदळ घेऊन येत. वऱ्हाड मध्यप्रांतात होतं तेव्हाची गोष्ट. बार्शीटाकळीच्या शाळेत हेडमास्तरांच्या हाताखाली आम्ही दोघे मास्तर. मी कायम, ते हंगामी. माळ्याच्या घरचे, त्यामुळे नकाशापेक्षा वाफ्यावर भरवसा जास्त. शाळेमागे त्यांनी चक्क भूमध्य समुद्र खणला होता. वर युरोप, खाली आफ्रिका, उजवीकडे आशिया, मधे इटलीचा बांध, आणि सुएझ म्हणून एक पाट.

"पाहा पोट्टेहो," ते ओरडत, "आपल्या अकोल्याच्या कापसाच्या गाठी याच पाटानं विलायतेले जातेत. अन् हा समुद्र म्हंजे सामाईक इहीर. मिसरवाला भरते, ग्रीसवाला भरते, रोमवाला भरते. इहिरीवर भांडन होते, अन् सोयरीक बी तिथंच जुळते. अक्षरं, देव, गहू, जैतुनाचं तेल, सारं या काठचं त्या काठी गेलं."

पण माती आपली काळी. पावसाळ्यात फुगून जिब्राल्टर बुजवायची, उन्हाळ्यात भेगाळून अख्खा समुद्र पिऊन टाकायची. मी वैतागून म्हणे, "अहो, तळाला चुना लावा एकदाचा!"

"चुना लावला तं हौद होईन, मास्तर. समुद्र कायचा?"

त्या वर्षी शाळा तपासायला येणाऱ्या डेप्युटी साहेबांच्या शेऱ्यावर त्यांचं कायम होणं ठरणार होतं, आणि तपासणी नेमकी ऐन उन्हाळ्यात आली. हेडमास्तरांनी शाळेच्या विहिरीचं पाणी त्या खड्ड्यात ओतायला मनाई केली होती. मास्तरांनी पहाटेपासून आपल्या मळ्यातून कावडीनं पाणी वाहिलं. सकाळी मी स्वतः पाहिलं. काठोकाठ समुद्र, आणि त्यावर ज्वारीच्या धांड्यांची गलबतं.

डेप्युटी आले ते ऊन डोक्यावर आल्यावर. समुद्र आटला होता. गलबतं चिखलात आडवी.

"हा खड्डा कसला?"

"भूमध्य समुद्र, साहेब."

"आणि पाणी?"

"सकाळी होतं. जमिनीनं पेलं."

हेडमास्तर हसले, मग सगळेच हसले. सुखदेव मास्तर माझ्याकडे वळले. "सांगा न मास्तर, तुमी तं पाह्यलं!"

हेडमास्तर माझ्याकडे रोखून पाहत होते. मी म्हणालो, "माझं लक्ष नव्हतं."

शेरा वाईट पडला. त्यांची नोकरी गेली, खड्डा बुजवला गेला. पुढे एकदा धीर करून मी त्यांच्या मळ्यात गेलो. ते वांगी तोडत होते. मी तोंड उघडण्याआधीच म्हणाले, "नौकरीचं जाऊ द्या. वांगे पिकवून राहिलो, इकून राहिलो. पन तुमी कावून असं बोलले? 'पाह्यलं' एवढंच म्हनाचं होतं."

त्यांनी टोपली उचलली आणि दुसऱ्या सरीत गेले. मी बांधावरून मागे वळून पाहिलं. त्यांनी मान वर केली नाही.

ते वारले त्याला बरीच वर्षं झाली. हे मी घरातही कुणाला सांगितलेलं नाही. भूमध्य समुद्राचा धडा दरवर्षी येतो. मी तो पुस्तकातून वाचून काढतो. पोट्टे जांभया देतात, आणि मीही घंटेकडे कान लावून असतो.