पातोळीतला गूळ

"सर्व्हायकल कॅन्सर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. म्हणजे गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग. माझी बायको शालिनी शेजारीच बसली होती. तिने पदर सारखा केला आणि एवढंच विचारलं, "चवथीक मी घराक असतलंय मां?" गणेशचतुर्थीला तेव्हा दोन महिने होते.

पाळी थांबून तीन वर्षं झाली होती आणि पुन्हा रक्त दिसू लागलं होतं. चार महिने तिने मला सांगितलं नाही, मीही कधी विचारलं नाही. मी गोव्यातल्या साखळी गावाला खनिजाचा ट्रक चालवायचो, घरी फक्त जेवायला नि झोपायला. ज्या बायकांना असं होतंय त्यांनी लाजत बसू नये, आजच डॉक्टर गाठावा.

पेट स्कॅनसाठी राज्याबाहेर गेलो. त्यात किरणोत्सर्गी साखर शिरेत टोचतात. ती जिथे जास्त ओढली जाते ती जागा पडद्यावर उजळते. तिच्या ओटीपोटात उजळलं, आजूबाजूच्या गाठींतही.

"हा कॅन्सर साखर कशाला खातो?" मी विचारलं. डॉक्टरीणबाई आमच्याच बाजूच्या, पेडण्याच्या, त्यांनी मला कळेल असं सांगितलं. "याच्या मुळाशी एचपीव्ही नावाचा विषाणू आहे. बहुतेकांना तो कधी ना कधी होतो, बहुतेकांचा आपोआप जातो. कुणाकडून आला ते शोधत बसू नका. हिचा गेला नाही, इतकंच. आपल्या पेशीत पी-फिफ्टी-थ्री नावाचा जीन असतो, तो गावच्या राखणदारासारखा. बिघडलेल्या पेशीला वाढू देत नाही, तिने साखर किती जाळायची यावरही त्याचा वचक. विषाणू त्या राखणदारालाच निकामी करतो. मग पेशी मोकाट सुटते, अधाशासारखी साखर ओढते."

मी फक्त शेवटचं ऐकलं. तीस वर्षं ट्रक हाकलेला माणूस मी. डिझेल तोडलं की इंजिन बंद, एवढं मला पक्कं ठाऊक होतं.

घरी आल्या आल्या गुळाची ढेप शेजारी देऊन टाकली. चहा बिनसाखरेचा केला. मग कुणीतरी म्हणालं, भातातही साखरच असते, म्हणून पेजही बंद. केमो आणि रेडिएशन, म्हणजे औषध आणि किरणांचे उपचार, सुरू झाले होते. उलट्यांनी ती बेजार. पेजेशिवाय काही घशाखाली उतरत नव्हतं आणि मी कारल्याचा रस पुढे करत होतो. नको म्हणाली की भांडी आपटायचो. माझा स्वभावच तसला.

नागपंचमीला शेजारच्या सुमनवहिनींनी पातोळ्यो पाठवल्या. हळदीच्या पानात वाफवलेल्या, आत गूळखोबरं. त्या वासाने शालिनी उठून बसली. "माका एकच व्हयी," म्हणाली.

मी ताट परत पाठवलं. तिच्याकडे बघायचं टाळलं.

पुढच्या आठवड्यात वजन इतकं उतरलं की केमो थांबवावी लागली. खाते काय, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मी मोठ्या हुशारीने सगळं सांगितलं, डिझेलसकट. त्यांनी पेन खाली ठेवलं. "अहो, साखर तुम्ही नाही दिलीत तर कॅन्सर तिचं मांस झिजवून ती काढतो. डिझेल तुम्ही तिचं तोडलंत."

केमो पुन्हा झेपलीच नाही. "पेज दिली असती तर वाचली असती?" मी नंतर डॉक्टरीणबाईंना विचारलं. "कॅन्सर गाठींत आधीच पोचला होता. सांगता येणार नाही." त्या बाईने मला दोष दिला नाही, याबद्दल तिचे उपकार आहेत. पण ते 'सांगता येणार नाही' माझ्या उशाशी असतं.

तुमच्या घरी हे दुखणं आलं, तर अर्धवट ऐकून घरी येऊ नका. काय खायला द्यायचं ते डॉक्टरांना स्पष्ट विचारा. आणि मुलींना एचपीव्हीची लस द्या.

चतुर्थीला ती घरी होती. वहिनींना विचारून पातोळ्यो मीच केल्या. पान सोलून एक घास भरवला. ती बराच वेळ चघळत राहिली. मग म्हणाली, "गूळ हात राखून घातलात मां?"

घातला होता. सगळं कळूनही हात भ्याला होता.

मी पुन्हा पीठ भिजवलं, गूळ भरपूर घातला. वाफ येईपर्यंत तिचा डोळा लागला. जागी झाली तेव्हा पाणीसुद्धा गिळवेना. दसऱ्याच्या आधी ती गेली.

दुसऱ्या खेपेच्या त्या पातोळ्यो चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी मी एकट्याने खाल्ल्या होत्या. गोड झाल्या होत्या.