एका नंबरावरची माणसं

कापसाचे ते वाईट दिवस होते. जिल्ह्याचं नाव पेपरात यायचं ते नको त्या बातमीसाठीच, आणि यवतमाळात कॉम्प्युटर शिकलेल्या मला नि माझ्या मैत्रिणीला जो तो पुण्याला जा म्हणायचा. मला त्याचा भयंकर राग यायचा. आम्ही दोघींनी मारेगावकडच्या एका जिनिंगसाठी, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यासाठी, वेबसाइट बांधायला घेतली. शेतकऱ्याने नाव नोंदवायचं, कापूस आणायची पाळी आली की मोबाइलवर मेसेज जायचा. म्हणजे गाड्यांची रांग टळणार.

झरी जामणीकडच्या माझ्या मावशीला त्या रांगेचा धसकाच होता. मावसाजी गेल्यापासून शेती तीच बघायची. गाडीपाशी रात्री काढणं तिला एकटीला जमेना, म्हणून कापूस गावातच पडेल भावात देऊन टाकायची. यंदा तिला पाळी मिळालीच पाहिजे, असं मी मनाशी पक्कं केलं होतं.

वेबसाइटचा फ्रेमवर्क, म्हणजे सांगाडा, तयार होता. नावनोंदणीसाठी परदेशातल्या कुणीतरी लिहून फुकट वाटलेलं प्लगिन आम्ही त्यात जोडलं. दुपारभरात चालू झालं, आम्ही खूश. मावशीचं नाव आणि तिने दिलेला नंबर टाकला तर स्क्रीनवर आलं, हा नंबर आधीच नोंदला आहे. गावातल्या किराणा दुकानावर फोन करून तिला बोलावून घेतलं.

"अवं, सगळ्यायनं या दुकानाचाच नंबर सांगतला," ती म्हणाली. "गावात फोन हाये तरी किती?"

प्लगिन लिहिणाऱ्याच्या हिशेबात एक माणूस, एक नंबर. मी चिडून प्लगिनच उघडलं आणि तो नियम काढायला निघाले. मैत्रिणीने कीबोर्ड ओढून घेतला. प्लगिनची नवी आवृत्ती आली की आत केलेले बदल पुसले जातील, ऐन हंगामात घोळ होईल, असं तिचं म्हणणं. त्याला हात न लावता आपल्या फाइलीत आपला नियम लिहायचा, नाव आणि नंबर दोन्ही जुळले तरच अडवायचं. मला ते पटायला एक चहा लागला.

लिहिलं, तरी चालेना. फ्रेमवर्क आमचा नियम आधी वाचायचा आणि मागून प्लगिन येऊन त्यावर बोळा फिरवायचं. क्रम बदलला तेव्हा कुठे मावशीचं नाव बसलं. आता मेसेजमध्येही नाव घालणं भाग होतं, नाहीतर पाळी कुणाची हे दुकानदाराला कळणार कसं?

मावशीच्या पाळीच्या दिवशी मी जिनिंगच्या फाटकाशी उभी होते. गाडी वेळेवर आली. मला वाटलं, रांग नाही म्हणून ती खूश असेल. तिचं वेगळंच चाललं होतं. दुकानदाराने भर रस्त्यात मेसेज वाचून तिला हाक मारली होती. आजवर शेतीच्या कामाचं काहीही आलं की हाक आधी मावसाजींच्या नावाने यायची, ते गेल्यावर दिराच्या.

"माह्या नावानं बलावणं आलं वं," ती म्हणाली. "पह्यल्यांदाच."

तिने गाडीवानाच्या हातातला कासरा घेतला आणि गाडी स्वतः आत नेली.